एचआयव्हीसह जगताना कॅन्सरची तपासणी : पैसे कुठे लागतात, कुठे लागत नाहीत

एआरटी सेंटरवरून गोळ्या नेऊन वीस-वीस वर्षं तब्येत राखलेली माणसं आज महाराष्ट्रात गावोगावी आहेत. १ एप्रिल २००४ रोजी सरकारने ही औषधं मोफत द्यायला सुरुवात केली आणि सुरुवातीच्या मोजक्या केंद्रांत मुंबईचं जे. जे. रुग्णालय होतं. तेव्हा पस्तिशीत असलेले आज पंचावन्नच्या पुढे गेलेत. टीबीने नाहीतर न्यूमोनियाने आपण जाणार, ही तेव्हाची भीती बरीच मागे पडली. वय वाढलं आणि दुसरी काळजी पुढे आली, ती कॅन्सरची. एचआयव्हीसह जगणाऱ्या माणसाला काही कॅन्सर इतरांपेक्षा लवकर आणि जास्त प्रमाणात होतात. राज्यात अशी सुमारे चार लाख माणसं आहेत, देशात सर्वाधिक. त्यातल्या बहुतेकांना हे कुणी नीट बसवून सांगितलेलं नसतं.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो. या धोक्यापासून वाचवणाऱ्या बहुतेक गोष्टी फुकट किंवा फार स्वस्त आहेत. पैसे लागतात ते उशीर झाल्यावर. त्याहून मोठा फटका एचआयव्ही लपवून उपचार घेतल्याने बसतो. म्हणून हे मार्गदर्शन खर्चाच्या अंगाने लिहिलं आहे. पुढे दिलेले खासगी दर पुणे, मुंबई, नाशिक, नागपूर अशा शहरांत साधारणपणे आढळणारे आहेत. लॅब बदलली की त्याच तपासणीचे दीडपट पैसे होतात, तेव्हा फोन करून दर विचारल्याशिवाय घराबाहेर पडू नका.

आधी धोका कशाचा ते

एचआयव्ही प्रतिकारशक्ती खाली आणतो आणि शरीरात आधीच दडून असलेल्या दुसऱ्या विषाणूंना मोकळं रान मिळतं. एचपीव्हीमुळे गर्भाशयमुखाचा आणि गुदद्वाराचा कॅन्सर होतो, हिपॅटायटिस बी आणि सी यकृताच्या कॅन्सरला कारण होतात, एपस्टाइन-बार हा विषाणू लिम्फोमाच्या, म्हणजे गाठींच्या कॅन्सरच्या, काही प्रकारांमागे असतो. कापोसी सार्कोमा हा त्वचेवर जांभळट डाग आणणारा कॅन्सर आफ्रिकेत मोठा प्रश्न आहे, आपल्याकडे तो क्वचितच दिसतो. यात तंबाखूची भर पडते, आणि सीडी फोर, म्हणजे रक्तातल्या प्रतिकारपेशींचा आकडा, किती खाली गेला होता व किती काळ खाली राहिला याचीही.

म्हणून कॅन्सर टाळण्याचं पहिलं औषध तुमच्या घरातच आहे. रोजची गोळी न चुकवता घेतली, व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, दबलेला राहिला, की विषाणूंमुळे होणाऱ्या कॅन्सरचा धोका खूप खाली येतो. ‘स्टार्ट’ नावाच्या मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात ४,६८५ लोकांचे दोन गट केले होते. एका गटाला निदान होताच औषध सुरू झालं, दुसऱ्याला सीडी फोर घसरेपर्यंत थांबवलं. लगेच औषध मिळालेल्या गटात १४ जणांना कॅन्सर झाला, थांबवलेल्या गटात ३९ जणांना. भारतात २०१७पासून सीडी फोर कितीही असला तरी निदान होताच गोळ्या सुरू करतात. गोळ्या, सीडी फोर आणि व्हायरल लोड यांतल्या कशालाही एआरटी सेंटरवर पैसे पडत नाहीत. व्हायरल लोड खासगीत करायला गेलात तर तीन ते सहा हजार रुपये मोजावे लागतात. सेंटरवर तो वर्षातून एकदा होतो. तारीख उलटून गेली असेल तर काउन्सेलरला स्वतःहून विचारा. गर्दीच्या दिवशी सेंटरवरच्या माणसांनाही ते लक्षात येत नाही.

बायकांनी हे आधी वाचावं

एचआयव्हीसह जगणाऱ्या बाईला गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा धोका इतर बायकांच्या सहापट असतो. या एका वाक्यासाठी बाकीचा लेख सोडला तरी चालेल.

एचपीव्हीचा संसर्ग बहुतेकांना आयुष्यात कधी ना कधी होतो. प्रतिकारशक्ती ठीक असेल तर दोनेक वर्षांत शरीर तो घालवून टाकतं. ती कमजोर असेल तर विषाणू चिकटून राहतो आणि गर्भाशयमुखाच्या पेशी बदलायला लागतात. एरवी या बदलाचा कॅन्सर व्हायला पंधरा-वीस वर्षं जातात. एचआयव्हीवर उपचार चालू नसतील तर तेच पाच-दहा वर्षांत होऊ शकतं. तरीही पाच वर्षं हा पुष्कळ अवधी आहे. त्या काळात एकदा जरी तपासणी झाली, तर पेशी बदलत असतानाच सापडतात आणि दवाखान्यात दहा-पंधरा मिनिटांत त्या नष्ट करता येतात. पोट फाडावं लागत नाही, भूल देऊन झोपवावं लागत नाही.

यातली सगळ्यात स्वस्त तपासणी म्हणजे व्हीआयए. डॉक्टर किंवा प्रशिक्षित नर्स योनीमार्गात स्पेक्युलम हे उपकरण बसवून गर्भाशयमुख दिव्याच्या उजेडात नीट पाहते. मग कापसाच्या बोळ्याने त्यावर पातळ ॲसेटिक ॲसिड लावते, म्हणजे स्वयंपाकघरात असतं त्याच जातीचं व्हिनेगर. मिनिटभर थांबायचं. पेशी बदललेल्या असतील तर तेवढा भाग पांढराफटक दिसू लागतो. किंचित चुरचुरतं, दुखत नाही. निकाल तिथल्या तिथे कळतो, त्यासाठी दुसरा हेलपाटा पडत नाही. पाळी चालू असताना जाऊ नका, आणि आधीचे दोन दिवस योनीमार्गात कुठलंही औषध घालू नका, एवढंच पथ्य.

प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, जिल्हा रुग्णालय इथे व्हीआयए मोफत होते. मात्र ती ठरलेल्या वारी असते आणि प्रत्येक केंद्रावर ती करणारी नर्स नसते, म्हणून आशाताईंकडून वार विचारून जा. खासगीत स्त्रीरोगतज्ज्ञ याचे तीनशे ते आठशे घेतात.

एवढ्या साध्या तपासणीने काय होणार, असं वाटत असेल तर मुंबईचंच उदाहरण देतो. टाटा मेमोरियलने इथल्या झोपडपट्ट्यांत दहावीपर्यंत शिकलेल्या बायकांना प्रशिक्षण देऊन दर दोन वर्षांनी व्हीआयए करवली. या कॅन्सरने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. त्याहून जास्त ताकद एचपीव्ही डीएनए तपासणीत आहे, आणि तिचा पुरावाही आपल्याच मातीतला आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यातल्या गावांमधल्या १,३१,७४६ बायकांवर बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलच्या माणसांनी काम केलं. आयुष्यात एकदाच एचपीव्ही तपासणी झालेल्या गटात या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळजवळ निम्मे झाले. २००९ साली ते निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि जगभरची धोरणं त्यावर बदलली. मराठवाड्यातल्या बायकांनी जगाला दिलेली ही माहिती मराठवाड्यातल्याच बायकांपर्यंत पुरती पोचलेली नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला असा : एचआयव्ही असलेल्या बाईने पंचविसाव्या वर्षापासून तपासणी सुरू करावी. एचपीव्ही डीएनए केली तर दर तीन ते पाच वर्षांनी, व्हीआयए किंवा पॅप स्मिअर केली तर दर तीन वर्षांनी. आपल्या सरकारी कार्यक्रमात व्हीआयए सर्वसाधारणपणे तिशीनंतर करतात. तुम्ही सत्तावीस वर्षांच्या असाल आणि केंद्रावर ‘अजून वय नाही’ म्हणून परत पाठवलं, तर एआरटी सेंटरच्या डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन पुन्हा जा. पाळी गेल्यावर मात्र व्हीआयए नीट दिसत नाही, कारण बदल होणारा भाग आत सरकलेला असतो. पन्नाशीच्या पुढे पैसे घालायचेच असतील तर एचपीव्ही तपासणीत घाला.

खासगी लॅबमध्ये पॅप स्मिअरला पाचशे ते दीड हजार लागतात, एचपीव्ही डीएनएला दीड ते साडेतीन हजार. एचपीव्हीसाठी नमुना बाईला स्वतःलाही घेता येतो, त्यामुळे परक्यासमोर तपासून घ्यायचा संकोच असेल तर लॅबला तसं विचारा. तपासणीत काही निघालं तर पुढे कॉल्पोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीतून पाहणं : दीड ते चार हजार. तुकडा काढून रिपोर्ट : आणखी दोन ते पाच हजार. बदललेला भाग उष्णतेने जाळणं किंवा तारेने कापून काढणं खासगीत पंधरा ते पस्तीस हजारांत जातं, सरकारी रुग्णालयात नाममात्र खर्चात. हे सगळं खासगीत केलं तरी पन्नास हजारांच्या आत बसतं. हाच कॅन्सर वाढून किरणोपचार आणि केमोपर्यंत गेला तर खासगी रुग्णालयात दोन ते पाच लाख लागतात. एचआयव्ही असताना उपचारानंतरही बदल परत येण्याची शक्यता जास्त असते, म्हणून वर्षभराने पुन्हा तपासणी करायचीच.

एक कळकळीची विनंती. अंगावरून पांढरं जातंय, ओटीपोटात दुखतंय म्हणून गेलेल्या बाईला ‘पिशवी काढून टाका, कॅन्सरची भीती नको’ असं सांगितलं जातं. तीस-चाळीस हजार कर्जाऊ काढून बायका ते करूनही घेतात. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांची एवढी प्रकरणं झाली की २०१९मध्ये राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. गर्भाशयमुखाची तपासणी आणि लागल्यास तुकड्याचा रिपोर्ट हातात असल्याशिवाय कुणीही पिशवी काढायला सांगितलं तर ‘आधी लेखी रिपोर्ट द्या’ म्हणा आणि सरकारी रुग्णालयात दुसरा सल्ला घ्या.

लसीबद्दल. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक २०२३पासून मिळते, एका डोसची छापील किंमत सुमारे दोन हजार. ती मुलगे आणि मुली दोघांना ९ ते २६ या वयात देता येते. नऊ प्रकारच्या एचपीव्हीवरची गार्डासिल ९ एका डोसला दहा हजारांच्या पुढे जाते. एचआयव्ही असलेल्या मुलामुलींना शक्यतो तीन डोस लागतात, निरोगी मुलींच्या एक किंवा दोन डोसांच्या हिशोबावर जाऊ नका. घरात जन्मापासून एचआयव्हीसह वाढणारं दहा-बारा वर्षांचं मूल असेल तर या सहा हजारांत कसूर करू नका. पैसे नसतील तर एआरटी सेंटरला मदत करणाऱ्या संस्थेचं नाव विचारा. चाळिशीतल्या बाईने मात्र लसीऐवजी तपासणीवर खर्च करावा. लस जुना संसर्ग घालवत नाही.

मानेतली गाठ आणि टीबीच्या गोळ्या

आपल्याकडे एचआयव्ही असलेल्या माणसाच्या मानेत, काखेत गाठ आली की पहिला विचार टीबीचा होतो. बऱ्याचदा तो बरोबरही असतो. पण लिम्फोमाही असाच येतो : गाठ, ताप, रात्री अंथरूण भिजेल इतका घाम, वजन उतरणं. टीबीची लक्षणंही हुबेहूब हीच. त्यामुळे गाठ न तपासता टीबीच्या गोळ्या सुरू होतात, तीन-चार महिने जातात, गाठ वाढतच राहते आणि मग कुणीतरी बायोप्सी सांगतं. लिम्फोमा पुष्कळदा पूर्ण बरा होणारा कॅन्सर आहे, पण त्याला तीन-चार महिने देणं परवडत नाही.

म्हणून टीबीचं औषध सुरू करण्याआधी सुईने पाणी काढून तपासणं, म्हणजे एफएनएसी, आणि त्याच नमुन्यावर टीबीची सीबीनॅट तपासणी करून घ्या. सरकारी रुग्णालयात दोन्ही मोफत होतात, खासगीत एफएनएसीला आठशे ते दोन हजार. टीबीचा पुरावा मिळाला नाही किंवा औषधाने महिना-दीड महिन्यात गाठ कमी झाली नाही, तर पूर्ण गाठ काढून बायोप्सी लागते. लिम्फोमाचा नेमका प्रकार सुईच्या चार थेंबांतून ठरत नाही. गाठ काढायला खासगीत आठ ते वीस हजार आणि वरून इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री या रंगतपासणीला पाच ते बारा हजार. इथे काटकसर करू नका, पण जागा नीट निवडा. जिल्हा रुग्णालयातला सर्जन ही गाठ स्थानिक भूल देऊन काढू शकतो आणि तिचा मेणातला ब्लॉक टाटा मेमोरियलसारख्या ठिकाणी तपासायला नेता येतो. हा ब्लॉक आणि काचेच्या स्लाइड मागून घ्या, त्या तुमच्या आहेत. पुढच्या रुग्णालयात त्या नसल्या तर पुन्हा कापाकापी आणि पुन्हा खर्च.

यकृत, तोंड, आणि ज्याबद्दल कुणी बोलत नाही

हिपॅटायटिस बी आणि सी या दोन तपासण्या आयुष्यात एकदा तरी झाल्या आहेत का, हे एआरटीच्या पुस्तिकेत पाहा. २०१८पासून राष्ट्रीय कार्यक्रमात या तपासण्या आणि औषधं मोफत आहेत. हिपॅटायटिस सी बहुतेकांचा बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी बरा होतो. बी निघाला तर घाबरू नका : रोजच्या टीएलडी गोळीतलं टेनोफोविर आणि लॅमिव्हुडिन त्यालाही दाबून ठेवतं. पण मनाने गोळी बंद केली तर बी उसळतो आणि यकृत काही आठवड्यांत खराब होऊ शकतं. किडनीमुळे किंवा दुसऱ्या कारणाने औषध बदलायची वेळ आली तर डॉक्टरांना बी असल्याची आठवण द्या. बी असलेल्यांपैकी ज्यांचं यकृत आकसलेलं आहे किंवा डॉक्टरांना धोका जास्त वाटतो, त्यांनी दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करावी. खासगीत हजार-दीड हजार, सरकारीत फुकट. बी नसेल तर लस घ्या, तिचे सगळे डोस काही शे रुपयांत होतात.

तंबाखूचं गणित सरळ आहे. दहा रुपयांच्या चार पुड्या रोज म्हटलं तर वर्षाला १४,६०० रुपये. गुटख्यावर राज्यात २०१२पासून बंदी आहे आणि टपरीवर मिळायचा तो मिळतोच. मिश्री लावणाऱ्या बायका स्वतःला तंबाखू खाणाऱ्यांत धरत नाहीत, पण मिश्री ही तंबाखूच. नुसती सुपारीसुद्धा कॅन्सर करते. विडी-सिगारेटबद्दल अमेरिकेतला एक हिशोब सांगतो : एचआयव्हीच्या गोळ्या नीट घेणारा पण धूम्रपान चालू ठेवणारा माणूस एड्सपेक्षा फुप्फुसाच्या कॅन्सरने मरण्याची शक्यता सहा ते तेरापट असते. वर्षानुवर्षं एकही गोळी न चुकवणाऱ्या माणसाने हे एका विडीपायी घालवावं, हे पाहवत नाही. सोडायला मदत हवी असेल तर १८००-११-२३५६ या मोफत क्रमांकावर मराठीत बोलता येतं. महिन्यातून एकदा आरशासमोर मोबाइलचा टॉर्च लावून गाल, हिरड्या, जिभेच्या दोन्ही कडा आणि जिभेखाली पाहा. पांढरा किंवा लाल चट्टा, तीन आठवड्यांत न भरलेला तोंडातला फोड, तोंड कमी उघडणं : यातलं काहीही असेल तर सरकारी डेंटल कॉलेजमध्ये केसपेपर काढण्याएवढ्या पैशांत तपासणी होते.

गुदद्वाराच्या कॅन्सरचा धोका पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या एचआयव्ही असलेल्या पुरुषांना आणि तृतीयपंथी व्यक्तींना जास्त असतो. गर्भाशयमुखात बदल सापडलेल्या बायकांनाही. २०२२च्या एका अमेरिकी चाचणीत आधीच बदललेल्या पेशी काढून टाकल्यावर हा कॅन्सर ५७ टक्क्यांनी कमी झाला. त्यासाठीची खास दुर्बीण आपल्याकडे फार थोड्या ठिकाणी आहे. पण बोटाने करायची तपासणी कुठलाही सर्जन पाच मिनिटांत करतो. रक्त, खाज, गाठ याला मूळव्याध समजून जाहिरातीतल्या वैद्याकडे पाच-दहा हजार घालवण्याआधी ती करून घ्या.

पैसे कुठे घालू नयेत तेही सांगतो. ‘फुल बॉडी कॅन्सर पॅकेज’ म्हणून लॅबवाले रक्तातले मार्कर तीन ते आठ हजारांना विकतात. लक्षणं नसलेल्या माणसात ते जवळजवळ निरुपयोगी आहेत, उगाच घाबरवतात आणि पुढच्या महाग स्कॅनला ढकलतात. एवढ्या पैशात एचपीव्ही तपासणी होऊन उरतात. स्तनाच्या आणि प्रोस्टेटच्या कॅन्सरचा धोका एचआयव्हीमुळे वाढत नाही, तिथे इतरांसाठी जे नियम आहेत तेच पुरे.

कॅन्सर निघालाच तर

पहिलं काम : एआरटी सेंटरवर सांगा. दुसरं : कॅन्सरच्या डॉक्टरांना एचआयव्ही सांगा. पुष्कळ जण दुसरं टाळतात. ‘आधीच कॅन्सर, त्यात हे कळलं तर हात लावणार नाहीत’ ही भीती खोटी नाही, पण लपवण्यात जिवाला धोका आहे. सेकंड लाइनवरच्या अनेकांच्या गोळ्यांत रिटोनाविर असतं. ते लिम्फोमात वापरायच्या व्हिन्क्रिस्टिनसारख्या केमोच्या औषधांना शरीरातून लवकर बाहेर पडू देत नाही. नेहमीचा डोसच मग विषासारखा होतो : हातपाय बधिर, आतडी थंड, पेशी ढासळलेल्या. झिडोव्हुडिन चालू असेल तर केमोत रक्त आणखी कमी होतं. दोन्हीकडच्या डॉक्टरांना माहीत असेल तर एआरटीची गोळी आधीच बदलता येते, बहुधा डोल्युटेग्राविरवर, आणि तीही मोफत. केमो चालू आहे म्हणून एचआयव्हीची गोळी स्वतःहून बंद करायची नाही. ॲसिडिटीचं, कॅल्शियमचं किंवा लोहाचं औषध दिलं तर ते डोल्युटेग्राविरबरोबर एकाच वेळी घेऊ नका, फार्मासिस्टला अंतर विचारा.

खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना हा मुख्य आधार. रेशनकार्ड असलेल्या, अगदी पांढऱ्या कार्डाच्याही, कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार योजनेतल्या रुग्णालयांत मिळतात. कॅन्सरची शस्त्रक्रिया, केमो आणि किरणोपचार त्यात आहेत. एचआयव्ही असल्याने योजनेचा लाभ नाकारता येत नाही. रुग्णालयाच्या दाराशी योजनेच्या आरोग्यमित्राचं टेबल असतं. रेशनकार्ड, आधार आणि बायोप्सीचा रिपोर्ट घेऊन आधी तिथे जा, दाखल झाल्यावर नाही. योजनेचा फोन क्रमांक १५५३८८. फसगत कुठे होते तर निदानाआधीच्या टप्प्यात. बायोप्सी, सीटी, कधी दहा ते वीस हजारांचा पेट-स्कॅन, हे सगळं योजनेची मंजुरी मिळण्याआधी खिशातून जातं. हा टप्पा खासगीत न करता जिल्हा किंवा उपजिल्हा रुग्णालयात करा. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३पासून तपासण्या आणि उपचार निःशुल्क आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं वेगळ्या विभागाकडे आहेत, तिथे थोडं शुल्क पडतं. मोठ्या धर्मादाय रुग्णालयांनाही दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के सवलतीच्या दरात राखून ठेवाव्या लागतात. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला काढून ठेवा.

उपचारासाठी परळच्या टाटा मेमोरियलला जायचं ठरलं तर राहण्याचा खर्च उपचाराइतकाच खातो. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती इथे आधी चौकशी करा, टाटातल्या समाजसेवा विभागाकडूनही पत्र मिळतं. रेल्वेत उपचाराला जाणाऱ्या कॅन्सरच्या रुग्णाला स्लीपर आणि थ्री एसीत पूर्ण माफी आहे, सोबतच्या माणसाला ७५ टक्के. रुग्णालयाने भरून दिलेला फॉर्म खिडकीवर द्यायचा. एसटीतही कॅन्सरच्या रुग्णाला सवलत आहे. तिथे कंडक्टरला एचआयव्हीचा दाखला दाखवायची गरज नाही, कॅन्सरचाच पुरतो. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत असेल तर संजय गांधी निराधार योजनेतून महिना १,५०० रुपये मिळतात, अर्ज तहसील कार्यालयात करायचा.

‘एचआयव्हीचं किट’ म्हणून जादा पैसे मागितले तर

ऑपरेशन ठरतं, रक्ताचा रिपोर्ट येतो आणि अंदाजपत्रकात अचानक पाच-दहा हजारांची ‘स्पेशल किट’ अशी ओळ वाढते. कधी तारीखच पुढे ढकलली जाते, कधी ‘आमच्याकडे सोय नाही’ म्हणून बोळवण होते. हातमोजे, गाऊन, चष्मा ही काळजी प्रत्येक रुग्णाच्या ऑपरेशनला घ्यायचीच असते, कारण न तपासलेल्या रुग्णाला काय आहे ते कुणालाच माहीत नसतं. ती साधनं कर्मचाऱ्यांना पुरवणं हे रुग्णालयाचं काम आहे.

एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा २०१७ साली झाला आणि १० सप्टेंबर २०१८पासून लागू आहे. एचआयव्ही आहे म्हणून उपचार नाकारणं, अर्धवट सोडणं किंवा वेगळी वागणूक देणं या कायद्याने बंद केलं आहे. खासगी रुग्णालयालाही तो लागू होतो. तुमच्या संमतीशिवाय ही माहिती दुसऱ्याला सांगता येत नाही; खाटेवर पाटी लावणं, फाइलवर लाल अक्षरांत लिहून ती सगळ्यांसमोर फिरवणं यात येतं. जादा रक्कम मागितली तर वाद घालत बसू नका, ‘ही रक्कम कशाची ते बिलात लिहून द्या’ एवढंच म्हणा. पुष्कळदा ती ओळ तिथेच गळते. नाही गळली तर ते बिल तुमचा पुरावा. वीस किंवा अधिक माणसं काम करत असलेल्या प्रत्येक रुग्णालयात या कायद्याखाली तक्रार अधिकारी असावा लागतो. त्याच्याकडे लेखी द्या आणि पोच घ्या. तिथे दाद लागली नाही तर राज्याच्या लोकपालाकडे जाता येतं. त्यांनी ३० दिवसांत आदेश द्यायचा असतो, जिवावर बेतलं असेल तर २४ तासांत. तक्रार कुठे आणि कशी करायची हे कळत नसेल, किंवा जवळचं एआरटी सेंटर हवं असेल, तर १०९७ लावा. तो फोन मोफत आहे, मराठीत बोलता येतं आणि नाव सांगावं लागत नाही.